जरा कळ काढ

फॉर्मचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं
कारण सांख्यिकीच्या अख्ख्या वर्गात
बार्शीची मी एकटी.
मॅडम म्हणाल्या, सोपं लिही, मेसमधल्या मुलींना समजेल असं.
प्रश्न सातवा : वेदनेची तीव्रता, शून्य ते दहा.
शून्याखाली हसरा चेहरा, दहाखाली रडका.
मधले सगळे चेहरे झेरॉक्सवाल्यानं काळे केले.

गुरुवारी रात्री, भात संपल्यावर, फॉर्म वाटले.
सुमित्रा पाडवी म्हणाली, आमच्या घरी दुखणं म्हणजे ताप.
हे दुखण्यात धरत नाहीत.
शाहीन मुजावरनं सातपुढं बारीक अक्षरात लिहिलं :
हे पहिल्या दिवसाचं. दुसऱ्याचं विचारूच नका.
लॉच्या दोघी खिदळत राहिल्या. डेट, प्रॉब्लेम, अडचण,
शब्द एकेक करून आडून येत होते,
कुमठेकर रस्त्यावरचा मेडिकलवाला
पुडा आधी पेपरात गुंडाळतो, मग काळ्या पिशवीत,
आणि सुट्टे देताना छताकडे बघतो,
तसे.

एकीनं विचारलं, टिक एकच करायची का?
ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून पिळावी,
माझं असं होतं. याला रकाना कुठला?
मी म्हटलं, इतर.
'इतर'ला जागा होती दीड ओळ.

प्रश्न चौदावा : यामुळे तास बुडतो का?
दोनशे बारा फॉर्म. एकशे नव्वद वेळा 'नाही'.
आणि मी तर मंगळवारी पाहिलं होतं,
अश्लेषा वाकळे लेडीज रूमच्या फरशीवर आडवी,
गाल गार शहाबादीला लावून,
खाली ओढणी अंथरायचंही सुचलं नव्हतं तिला.
पण ती हजर होती.
सही मैत्रिणीनं केली होती.

माझंही तेच. प्रॅक्टिकलला डोळ्यांपुढं अंधारी आली.
सर भले आहेत, त्यांनी पंखा वाढवला,
म्हणाले, तुम्ही मुली सकाळी काही खात नाही.
मी मान हलवली.
पोहे खाल्ले होते. दोन प्लेट.

औंधच्या डॉक्टरबाईंनी मात्र विचारलं, किती वर्षं?
सात म्हटल्यावर पेन खाली ठेवलं.
सोनोग्राफीची चिठ्ठी दिली, म्हणाल्या,
एवढं सोसायचंच असतं, हे तुला कुणी सांगितलं?
नेमकं कुणी, ते आठवेना.

त्या रात्री आईला फोन.
जरा कळ काढ गं, लग्नानंतर थांबतं.
तुझं थांबलं?
तिकडून नुसती फोडणी तडतडली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
तुझ्या त्या कागदात माझं लिहिशील?
म्हटलं, वयाची अट आहे, अठरा ते पंचवीस.
मग अठराची होते तेव्हाचं लिही.

बारावी, भूगोलाचा पेपर.
आई भूगोलात नापास झाली हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ.
दिशा कळत नाहीत म्हणून बाबा अजून चिडवतात,
आणि हसण्यात तीच पुढं असते.
नकाशे सगळे येत होते मला, ती म्हणाली.
नद्या भरून झाल्या होत्या. भीमा, सीना, नीरा.
दीड तास उरला होता, पेन धरवेना.
पर्यवेक्षकांनी पेपर ओढून घेतला तरी
बाकावरून उठले नाही मी,
हॉल रिकामा होईपर्यंत.

नवा फॉर्म काढला. दोनशे तेरावा.
जिल्हा सोलापूर. वय अठरा.
चौदाव्याला, हो.
आता सातवा. आकडा सांग आई, शून्य ते दहा.
थांब, म्हणाली, गॅस बंद करून येते.

होस्टेलच्या जिन्यात बसले आहे,
पेनाचं टोपण दातांत,
फोन कानाशी.
काढते आहे कळ.